चार मीटरच्या आत

मुळशी तालुक्यातले माण आणि साताऱ्याकडचा माण तालुका यांची गल्लत नेहमी होते. इथे लिहितो आहे ते हिंजवडीला लागून असलेले माण. राजीव गांधी इन्फोटेक पार्कचा तिसरा टप्पा याच गावाच्या शिवारात आहे, आणि शिवाजीनगरला जाणाऱ्या सुमारे २३ किलोमीटरच्या मेट्रो मार्गाचा आरंभ व डेपोही इथेच. सकाळी मेगापोलिस सर्कलकडे वाहनांची रांग लागते. तीत एखाद्या संगणक अभियंत्याची कर्ज काढून घेतलेली गाडी असते, तिच्यामागे त्याच्याच साहेबाची कंपनीच्या लीजवरची मोटार, मग पिवळ्या पाटीची कॅब, बांधकामावर सळ्या पोचवणारा टेम्पो आणि हिरव्या पाटीची विजेवरची मोटार. कोंडीत सगळे सारखेच अडकलेले असतात. आयकर कायद्याला मात्र त्यांतली कोणतीही दोन वाहने सारखी दिसत नाहीत.

रस्त्यावरचे वाहन आणि कायद्याच्या पुस्तकातले वाहन यांच्यातला हा फरक मला फार मोलाचा वाटतो. पिंपरी-चिंचवड आणि चाकण हा मोटारी घडवणारा प्रदेश आहे, आणि इथल्या मोटारींचा आकार काही अंशी कराच्या तक्त्याने ठरवला आहे. एक गोष्ट आधी सांगून ठेवतो. १९६१च्या आयकर कायद्याची जागा १ एप्रिल २०२६पासून २०२५च्या नव्या कायद्याने घेतली आहे. खाली दिलेली कलमे आणि रकमा जुन्या कायद्यातल्या, सीएंच्या आणि गाडीमालकांच्या तोंडी रुळलेल्या आहेत. प्रत्यक्ष विवरणपत्र भरताना ताजी नियमावली समोर ठेवावी.

सुरुवात त्या अभियंत्यापासून करू. घर ते कचेरी या प्रवासात स्वतःच्या गाडीत स्वतःच्या पैशाने भरलेल्या पेट्रोलची एका रुपयाचीही वजावट त्याला मिळत नाही. पूर्वी वाहतूक भत्त्यातले दरमहा ८०० रुपये करमुक्त असत, २०१५-१६पासून ते १,६०० झाले. २०१८-१९मध्ये ही सवलत वैद्यकीय खर्चाच्या सवलतीसह ४०,००० रुपयांच्या प्रमाणित वजावटीत विरघळली. पुढच्या वर्षी ती वजावट ५०,०००वर गेली आणि नव्या करप्रणालीत २०२४-२५पासून ७५,०००वर. अपंग कर्मचाऱ्यांसाठी दरमहा ३,२०० रुपयांची वाहतूक भत्त्याची सूट मात्र वेगळी राखली गेली, आणि ते योग्यच झाले.

जर्मनीत याउलट घर ते कामाची जागा यांमधल्या अंतराच्या दर किलोमीटरमागे ठरावीक सेंटांची वजावट मिळते. मग तुम्ही मोटारीने जा, आगगाडीने जा की सायकलने. अमेरिकेत घर-कचेरी प्रवासाला वजावट नाही, पण धंद्याच्या कामासाठी स्वतःची मोटार वापरली तर दर मैलामागे ठरलेली रक्कम वजा करता येते. २०२५साठी ती ७० सेंट होती. ब्रिटनमध्ये कामासाठीच्या पहिल्या १०,००० मैलांना मैलामागे ४५ पेन्स आणि पुढे २५ पेन्स असा दर २०११पासून चालत आला. या पद्धतींत एक शहाणपण आहे. दर मैलावर ठरला आहे, जळलेल्या पेट्रोलवर नाही. म्हणून ज्याची गाडी कमी पिते त्याच्या खिशात जास्त उरते.

आपल्याकडे धंदेवाइकाला मैलाचा दर मिळत नाही. त्याला प्रत्यक्ष खर्च दाखवावा लागतो. पेट्रोल, विमा, दुरुस्ती, ड्रायव्हरचा पगार, कर्जावरचे व्याज, या सगळ्याची धंद्यापुरती वजावट आहे. घरच्या लग्नाला किंवा जेजुरीला गाडी नेली तर तेवढा भाग कलम ३८नुसार वगळावा लागतो, आणि फिरतीची वही नीट ठेवली नसेल तर किती भाग वगळायचा ते अधिकारी ठरवतो. म्हणून गाडीत एक साधी वही ठेवावी. तारीख, कुठून कुठे, किलोमीटर, कशासाठी एवढे चार रकाने पुरतात. या पद्धतीत इंधन वाचवण्याला वेगळे बक्षीस नाही. ३० टक्के कर भरणाऱ्याने १०,००० रुपयांचे डिझेल जाळले तर त्यातले ३,००० करातून सुटतात, आणि वाचवले तर वाचलेल्यातले ३,००० सरकारजमा होतात.

आता साहेबांची लीजवरची गाडी. हिंजवडी-माणच्या कंपन्यांत पगाराची रचना करताना हा पर्याय सर्रास दिला जातो. कंपनी गाडी भाडेपट्ट्याने घेते, कर्मचारी ती कामासाठीही वापरतो आणि घरासाठीही. १९६२च्या आयकर नियमांतल्या नियम ३नुसार अशा मिश्र वापराचे मूल्य प्रत्यक्ष खर्चावर न काढता इंजिनच्या आकारावर काढले जाई. खर्च कंपनीचा असेल तर १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनला दरमहा १,८०० रुपये, त्यापुढच्याला २,४००, आणि ड्रायव्हर दिला असेल तर आणखी ९००. चाकणला बनणारी १,४९८ सीसीची व्हर्टस पहिल्या गटात, पिंपरीला बनणारी १,९५६ सीसीची हॅरिअर दुसऱ्या गटात. लाखभर पगाराच्या माणसाला महिन्याचा ६०० रुपयांचा फरक किरकोळ वाटेल. पण नियम लिहिणाऱ्याने इंजिनचा आकार ही इंधनाच्या काटकसरीची खूण मानली होती, हे लक्षात ठेवावे. विजेच्या मोटारीला घनक्षमता नसतेच. त्या नियमाच्या भाषेत तिला नीट बसायला जागाच नव्हती.

टेम्पोवाल्याचे प्रकरण मला सगळ्यांत वेधक वाटते, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबतो. चाकण, भोसरी, तळवडे या भागांत दोन-चार गाड्या बाळगून कारखान्यांचा माल वाहणारे असंख्य मालक आहेत. डिझेलच्या पावत्या, टायर, टोल, हमाली यांचे हिशेब महिनोन्‌महिने जपणे त्यांना जमत नाही. अशांसाठी १९९४मध्ये कलम ४४एई आले. वर्षभरात कधीही दहापेक्षा जास्त मालवाहू गाड्या नसतील तर मालकाने प्रत्यक्ष नफा न मोजता गाडीमागे ठरावीक उत्पन्न दाखवायचे. ही रक्कम दरमहा ७,५०० रुपये होती. २०१८-१९पासून १२ टनांहून अधिक एकूण वजनाच्या गाडीला टनामागे दरमहा १,००० रुपये असा दर लागला. तीन छोट्या टेम्पोंचा मालक वर्षाला २,७०,००० रुपये उत्पन्न दाखवील आणि २५ टनांच्या एका ट्रकचा मालक ३,००,०००. महिन्यातले चार दिवसच गाडी त्याच्या मालकीची असली तरी महिना पूर्ण धरायचा, आणि गाडी दारात उभी राहिली तरी आकडा तोच.

या व्यवस्थेत घसारा वेगळा मिळत नाही, डिझेलही नाही. पण याचाच एक परिणाम क्वचितच बोलला जातो. उत्पन्नाचा आकडा ठरलेला असल्याने वाचवलेल्या डिझेलचा प्रत्येक रुपया मालकाचा राहतो, त्यावर कर वाढत नाही. टायरमधली हवा वेळेवर बघणारा, चढाला योग्य गिअर टाकणारा, नाक्यावर इंजिन बंद करणारा ड्रायव्हर ठेवला तर त्याचे पूर्ण फळ मिळते. काटकसर हा शब्द ४४एईमध्ये कुठेही नाही, तरी भारतीय वाहन-करात इंधन वाचवणाऱ्याला इतकी पूर्ण दाद देणारी दुसरी तरतूद मला माहीत नाही.

उरला घसारा. हा धंद्यातल्या गाडीचा सर्वांत मोठा आकडा असतो. साध्या मोटारीला घटत्या शिलकीवर १५ टक्के, भाड्याने चालवायच्या टॅक्सी, बस, ट्रकला ३० टक्के आणि विजेवरच्या किंवा फ्युएल सेलवरच्या वाहनाला ४० टक्के. २०१६-१७पर्यंत हा शेवटचा दर तब्बल ८० टक्के होता, पण तेव्हा बाजारात विजेच्या मोटारी फारच थोड्या असल्याने त्याचा लाभ घेणारेही थोडेच होते. चाकणला वर्कशॉप चालवणाऱ्या एखाद्याने धंद्यासाठी १२ लाखांची मोटार घेतली असे धरू. पेट्रोलची असेल तर पहिल्या वर्षी १,८०,०००, दुसऱ्या वर्षी १,५३,०००, तिसऱ्या वर्षी १,३०,०५०, असा तीन वर्षांत ४,६३,०५० रुपयांचा घसारा. तेवढ्याच किमतीची विजेची असेल तर ४,८०,०००, २,८८,००० आणि १,७२,८००, मिळून ९,४०,८००. दुपटीहून जास्त. पुढच्या वर्षांत विजेच्या गाडीला साहजिकच कमी घसारा उरतो, आणि गाडी विकली की आलेली रक्कम शिलकेतून वजा होते. म्हणजे हा फायदा मुख्यतः आधी मिळण्याचा आहे. पण कर्जाचे हप्ते चालू असलेल्या माणसाला आधी मिळालेला पैसाच उपयोगी पडतो.

२०१९च्या मंदीत या पट्ट्यातल्या कामगारांच्या तोंडी ‘ब्लॉक क्लोजर’ हा शब्द पुन्हा आला. मागणी नाही म्हणून कारखाना काही दिवस बंद. तेव्हा २३ ऑगस्ट २०१९ ते ३१ मार्च २०२० या काळात घेतलेल्या मोटारींचा घसारा १५वरून ३०वर आणि भाड्याच्या वाहनांचा ३०वरून ४५ टक्क्यांवर नेला गेला. घसाऱ्याचा तक्ता हा कारखान्याचा भोंगा वाजवण्याचाही एक मार्ग असतो, हे त्या सात महिन्यांत दिसले.

आणि आता चार मीटर.

२००६च्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी छोट्या मोटारींवरचे उत्पादन शुल्क २४वरून १६ टक्क्यांवर आणले. छोटी मोटार म्हणजे काय, तर लांबी ४,००० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत आणि डिझेल १,५०० सीसीपर्यंत. हेतू स्पष्ट होता. कमी जागा व्यापणाऱ्या, कमी इंधन खाणाऱ्या गाड्यांना उत्तेजन द्यायचे. २००८मध्ये त्यांचे शुल्क आणखी उतरून १२ टक्के झाले. त्याच वर्षी टाटा मोटर्सने इंडिगो सीएस आणली. मागे डिकी असलेली ही सेडान ३,९८८ मिलिमीटर लांब होती, म्हणजे कायद्याच्या रेघेच्या १२ मिलिमीटर आत. बोटाच्या रुंदीएवढे अंतर. चार मीटरच्या आतली सेडान ही जात तिथून सुरू झाली.

पुढची दोन दशके या भागातल्या डिझाइनच्या टेबलांवर ती रेघ कायम ओढलेली होती. चाकणला महिंद्राने २०१५मध्ये टीयूव्ही ३०० आणली, लांबी ३,९९५. फोक्सवॅगनने २०१६मध्ये खास भारतासाठी अॅमिओ घडवली. पोलोला डिकी जोडायची आणि तरी चार मीटरच्या आत राहायचे, म्हणून पुढचा बंपरसुद्धा आखूड करावा लागला. लांबी पुन्हा ३,९९५. टाटांची अल्ट्रॉझ ३,९९०. स्कोडाची चाकणला बनणारी कायलॅक ३,९९५. वेगवेगळ्या देशांतल्या कंपन्या, वेगवेगळे आराखडे, आणि सगळ्या पाच-दहा मिलिमीटरच्या पट्टीत येऊन थांबलेल्या. शेजारी उभ्या केल्या तर नाकाला नाक आणि शेपटीला शेपूट लागावे.

कराने यंत्राला आकार देण्याची ही पहिली वेळ नव्हे. ब्रिटनमध्ये १९२०-३०च्या दशकांत मोटारीवरचा वार्षिक कर अश्वशक्तीवर लागे, आणि ती अश्वशक्ती काढण्याचे सूत्र होते सिलिंडरच्या इंचांतल्या व्यासाचा वर्ग, गुणिले सिलिंडरची संख्या, भागिले अडीच. दट्ट्या किती खोल जातो याला सूत्रात स्थान नव्हते. परिणामी ब्रिटिश इंजिने बारीक व्यासाची आणि लांब धावेची झाली. जपानच्या केई मोटारी ३.४ मीटर लांबी, १.४८ मीटर रुंदी आणि ६६० सीसी या चौकटीत आजही बसवल्या जातात. आपली रेघ त्याच कुळातली.

पण लांबीने इंधन जळते का? फार थोडे. शहरात गाडी पुन्हापुन्हा थांबते आणि निघते, तिथे वजन खाते. वेग वाढला की हवेचा अडथळा खातो, आणि तो गाडीच्या समोरच्या रुंदी-उंचीवर व घडणीवर अवलंबून असतो. मागचा निमुळता भाग छाटला तर हवा सुटण्याची वाट उलट बिघडू शकते. उंच, जड आणि चार मीटरच्या आतली एसयूव्ही कराच्या पुस्तकात छोटी मोटार ठरते. तिच्याहून बुटकी, हलकी पण ४.३ मीटर लांबीची सेडान मोठी ठरते. सरकारने काटकसर मोजायला गजपट्टी घेतली, कारण मोजायला ती सोपी होती. २००६मध्ये ते क्षम्य होते. आता मोजमापाची चांगली साधने आपल्याच दाराशी आहेत.

ती साधने पुण्यातच आहेत. वेताळ टेकडीवरची एआरएआय ही संस्था १९६६ची. ‘एआरएआयचे मायलेज’ हा शब्दप्रयोग आज देशभरच्या शोरूममध्ये ऐकू येतो, त्यातले एआरएआय म्हणजे हीच. भोसरीची सीआयआरटी आणि नगरची व्हीआरडीई याही मान्यता देणाऱ्या संस्था. मायलेज चाचणीत गाडी रस्त्यावर जात नाही. तिची चाके रोलरवर फिरतात आणि पडद्यावरच्या रेषेप्रमाणे चालक वेग ठेवतो. १९५ सेकंदांचे शहरी चक्र चार वेळा, मग ४०० सेकंदांचे शहराबाहेरचे चक्र, एकूण १,१८० सेकंद, कमाल वेग ताशी ९० किलोमीटर. मेगापोलिस सर्कलची कोंडी त्या रेषेत नाही, म्हणून शोरूममधला आकडा आणि माणच्या रस्त्यावरचा आकडा जुळत नाही. पण सगळ्या गाड्यांना एकच परीक्षा असल्याने तुलना खरी असते.

याच चाचणीवर इंधन-कार्यक्षमतेचे राष्ट्रीय निकष उभे आहेत. २०१७-१८पासून प्रत्येक कंपनीने विकलेल्या मोटारींचा सरासरी कार्बन डायऑक्साइड किलोमीटरला सुमारे १३० ग्रॅमच्या आत, आणि २०२२-२३पासून ११३ ग्रॅमच्या आसपास ठेवायचा, तोही गाड्यांच्या वजनाशी जोडून. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे ११३ ग्रॅमचा अर्थ लिटरला साधारण २० किलोमीटर. कारखान्याला हा निकष बांधतो. ग्राहकाच्या जीएसटीत किंवा वजावटीत मात्र हा आकडा कुठेच येत नाही. लिटरला २४ किलोमीटर देणारी आणि १६ देणारी मोटार एकाच लांबीची व एकाच गटातल्या इंजिनाची असेल तर दोघींवर कर सारखाच. माझ्या मते सगळ्या व्यवस्थेतली ही सर्वांत दुखरी जागा आहे.

विजेच्या वाहनाला मात्र लांबीची पट्टी लागू नाही. १ ऑगस्ट २०१९पासून त्याच्यावरचा जीएसटी १२वरून ५ टक्क्यांवर आला, मग ते केवढेही लांब असो. याचा सुंदर पुरावा नाशिकच्या कारखान्यात मिळाला. महिंद्राची एक्सयूव्ही ३०० चार मीटरच्या रेघेसाठी ३,९९५ मिलिमीटरवर थांबवलेली होती. तिच्यावरूनच विजेची एक्सयूव्ही ४०० घडवली तेव्हा लांबी ४,२०० मिलिमीटर झाली. करबंधन सुटताच सामानाची जागा मोकळी झाली.

२०१९च्याच अर्थसंकल्पात निर्मला सीतारामन यांनी पगारदारालाही एक दार उघडले होते. कलम ८०ईईबी. विजेच्या वाहनासाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजावर वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत वजावट, जुन्या करप्रणालीत, फक्त व्यक्तींना. कर्ज १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या दरम्यान मंजूर झालेले हवे. घर ते कचेरी प्रवासाला काहीच न देणाऱ्या कायद्याने त्या गाडीच्या व्याजाला एवढी मोठी सूट द्यावी, हे विशेषच. आकुर्डीला बजाजने विजेच्या चेतकचा कारखाना २०२२मध्ये सुरू केला, त्याच आवारात जिथे जुनी चेतक बनत असे. त्या स्कूटरच्या काही ग्राहकांना ही वजावट गाठता आली. चाकणला बनणाऱ्या महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई मात्र नोव्हेंबर २०२४मध्ये आल्या. दार बंद होऊन दीड वर्ष उलटले होते. चाकणच्या कामगाराने हप्त्यावर घ्यावी अशी विजेची मोटार चाकणला तयार झाली तेव्हाच तिच्यावरची वजावट उरली नव्हती. ही मुदत वाढवायला हवी होती असे मला मनापासून वाटते.

राज्याने आपला वाटा चालू ठेवला. महाराष्ट्रात १२ लाखांच्या पेट्रोल मोटारीवर व्यक्तिगत मालकाला १२ टक्के, म्हणजे १,४४,००० रुपये वाहनकर पडतो, डिझेलला १४ टक्के. विजेच्या वाहनाला २०२५च्या राज्य धोरणानुसार ३१ मार्च २०३०पर्यंत करमाफी आहे, आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग व अटल सेतूवर विजेच्या मोटारींना आणि बसना पथकरमाफी ठरली. हिरवी पाटी टोलनाक्यावर लगेच ओळखू येते. तिच्यावर खासगी गाडीची अक्षरे पांढरी, भाड्याच्या गाडीची पिवळी.

जीएसटीचा मोठा बदल २२ सप्टेंबर २०२५ला झाला. छोट्या मोटारींवरचा २८ टक्के आणि वर उपकर जाऊन १८ टक्के झाला, त्यापुढच्या मोटारींवर सरळ ४० टक्के. छोटी मोटार म्हणजे तेच २००६चे मोजमाप, चार मीटर, १,२०० आणि १,५०० सीसी. करापूर्वी सहा लाख किमतीच्या गाडीवर चार मीटरच्या आत १,०८,००० रुपये, बाहेर २,४०,०००, आणि विजेची असेल तर ३०,०००. धंदेवाइकालाही हा जीएसटी सहसा परत मिळत नाही, कारण चालक धरून १३ आसनांपर्यंतच्या प्रवासी वाहनांचा परतावा कायद्याने अडवला आहे. तो गाडीच्या किमतीत मिळवून त्यावर घसारा घ्यावा लागतो. कारखान्याच्या मोठ्या बसला आणि मालाच्या टेम्पोला ही अडवणूक नाही.

जीएसटी बदलला त्या दिवशी घटस्थापना होती. आपल्याकडे मोटार मुहूर्तावर येते, पाडव्याला किंवा दसऱ्याला, आणि धंद्यातल्या गाडीच्या बाबतीत आयकराचाही एक मुहूर्त असतो. वर्षात गाडी १८० दिवसांपेक्षा कमी वापरात असेल तर घसारा निम्मा. २०२४चा दसरा १२ ऑक्टोबरला आला, त्यामुळे त्या दिवशी हार घालून बाहेर काढलेल्या गाडीला पहिल्या वर्षी निम्माच घसारा मिळाला. २०२५चा गुढीपाडवा ३० मार्चला होता. ज्याने त्याच दिवशी गाडी धंद्याच्या कामाला जुंपली त्याला दोन दिवसांच्या वापरावर अर्ध्या वर्षाचा घसारा मिळाला. २०२५चा दसरा २ ऑक्टोबरला होता, आणि तिथून ३१ मार्चपर्यंत मोजले तर भरतात १८१ दिवस.